दळणाचे दहा रुपये

खोटं बोलणं मला काही नवीन नाही, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला साडीची किंमत निम्मी सांगायची, नणंदेचा फोन आला की "आत्ताच तुझी आठवण काढलेली बघ" म्हणायचं, ह्याला कोण खोटं म्हणतंय? पण शपथेवर लिहिलेलं, नोटरीचा शिक्का बसलेलं खोटं मी आयुष्यात एकदाच बोलले, आणि त्या एका खोट्यानं मला अडीच महिने धड बसू दिलं नाही की धड जेवू दिलं नाही.

मी त्रिशला. आमचं घर निपाणीत, बस्तीच्या मागच्या गल्लीत. आम्ही जैन, देवळाला आमच्यात बस्ती म्हणतात. नवरा जिनेंद्र तंबाखूच्या वखारीत नोकरीला, बोलण्याच्या बाबतीत अगदी कंजूष. आणि सासू चंपाबाई, ज्यांना मी लग्न झाल्यापासून आत्याबाई म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. सासरे गेल्यावर त्यांनी मुनी महाराजांसमोर व्रतं घेतली. दिवसातनं एकदाच जेवायचं, आडाचंच पाणी प्यायचं, घरात दळलेलंच पीठ खायचं, दर अष्टमी-चतुर्दशीला उपास करायचा आणि सूर्योदयापासनं दुसऱ्या सूर्योदयापर्यंत मौन धरायचं. आणि खोटं बोलायचं नाही. हे शेवटचं ऐकायला सोपं वाटतं, पण असल्या माणसासोबत एका घरात राहून बघा. वसुलीवाला दारात आला तर "घरात न्हाईत म्हणून सांगा" असं त्यांना सांगायची सोय नाही. त्या त्याला सरळ सांगतात, "हाय घरात, पर भेटायचं न्हाय म्हणतोय."

पिठाचं व्रत मात्र नुसतं त्यांचं नव्हतं, सगळ्या घराचं होतं. बाहेरच्या गिरणीचं पीठ चालत नाही, आणि घरात दळलेलंही पावसाळ्यात तीन दिवसच चालतं. चौथ्या दिवशी उरलं तर गाईला. त्यात चातुर्मासात बस्तीत महाराज असले की आम्ही चौका लावतो, म्हणजे त्यांच्या आहारासाठी सोवळ्यानं वेगळा स्वयंपाक करतो. म्हणजे चार महिने दर तिसऱ्या दिवशी दळण. आत्याबाई जात्यावर दळायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टरनं जातं बंद करायला सांगितलं. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन परत जात्यावर बसल्या.

शेवटी मीच भांडले. मग त्यांनी हातातली एक पाटली मोडली आणि बाजारपेठेतल्या शामूशेठच्या दुकानातनं घरात ठेवायची विजेवरची चक्की आणली. सोळा हजार रुपये. चक्कीला हळदकुंकू लावून त्या म्हणाल्या, "ही चक्की धर्माची. चौका लावणाऱ्या कुणालाबी दळून द्यायचं. पर हिच्यावर पैसा घ्यायचा न्हाय." मी व्हय म्हणाले. त्या वेळी मला व्हयच म्हणायचं होतं.

आता मालुबाईचं सांगते. मालुबाई आमच्या भिंतीला भिंत लागून राहते, विड्या वळते. तिचा आमच्या धर्माशी काही संबंध नाही. एक दिवस ती मागच्या दारानं शेरभर जोंधळे घेऊन आली. गिरणी बंद होती, वीज गेलेली त्या बाजूची. मी दळून दिलं. तिनं दहाची नोट पुढं केली. मी नको म्हणाले. तर म्हणाली, "फुकट दळून घ्यायला मी काय मागती हाय व्हय गं? घे, न्हायतर परत येणार न्हाय." मी घेतली. पुढं ती आठवड्यातनं दोनदा यायला लागली, आत्याबाई बस्तीत गेल्या की. दर खेपेला दहा रुपये.

आत्याबाईंना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? लाजेनं नाही, ते उगाच कशाला म्हणू. ते पैसे माझे होते म्हणून. सव्वीस वर्षं त्या घरात मी दोन टाइम चूल पेटवली, पण माझ्या हाताला माझा म्हणून पैसा कधी लागला नव्हता. बांगड्या भरायच्या तरी जिनेंद्रपुढं उभं राहावं लागायचं. त्या दहा-दहाच्या नोटा मी मोहरीच्या डब्यात ठेवायची आणि मला लई बरं वाटायचं.

दिवाळी झाली आणि चक्की जळाली. मालुबाईचं दळण नव्हतं त्यात, घरचेच गहू होते. भसकन धूर आला आणि बंद. पाच महिने पण झाले नव्हते. गॅरंटी दोन वर्षांची. शामूशेठनं एक माणूस पाठवला. तो माणूस चक्की उघडून, आत बोट फिरवून गेला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर शामूशेठ चहा पीत पीत म्हणाला, "वैनी, आत जोंधळ्याचं पीठ घावलंय. गल्लीभर दळप चाललंय न्हवं तुमचं? धंद्याला वापरली की गॅरंटी संपली. कार्डाच्या मागं वाचा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "धंदा? महाराजांच्या चौक्याला तुम्ही धंदा म्हणताय?" दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मग जावा कोर्टात."

गेले की मग. मला असलं कुणी म्हणू नये.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा निशांत बेळगावात टिळकवाडीत वकिली करतो. त्यानं सांगितलं की ग्राहक आयोगात वकील लागत नाही, मावशी, तूच चालव. एवढ्या किमतीला फीसुद्धा नाही. अर्ज, बिल, गॅरंटी कार्ड, सगळ्याच्या तीन-तीन प्रती कर. कानडीतनं लिहून देतो मी. आणि एक कर, चक्कीला हात लावू नको. दुसरीकडनं दुरुस्त केलीस तर पुरावा गेला. म्हणून चक्की जुन्या चादरीत गुंडाळून जिन्याखाली ठेवली, आणि आत्याबाई परत जात्यावर बसल्या.

आता मीही समोर बसायला लागले. एका खुंट्याला दोघींचे हात. माझा जोर जास्त लागावा म्हणून मी खुंटा वरनं धरायची, तरी खांदा वळला की त्या ओठ दाबायच्या. पीठ संपलं की परत. केस सुटल्याशिवाय चक्की सुटत नव्हती, आणि केस पुढं सरकत नव्हती. पहिल्या तारखेला शामूशेठ आला नाही. दुसऱ्या तारखेला त्याच्या वकिलानं मुदत मागितली. निपाणी ते बेळगाव दोन तास जायला, दोन तास यायला, आणि मध्ये बाकावर बसून दुसऱ्यांच्या फ्रिजच्या आणि गाड्यांच्या तक्रारी ऐकायच्या. मला एका जागी बसवत नाही. मी व्हरांड्यातनं येरझाऱ्या घालायची आणि तिथला शिपाई मला म्हणायचा, बसा हो बाई, तुमचं नाव आलं की हाक मारतो.

मग शामूशेठचं उत्तर आलं. त्यात तेच: अर्जदार शेजारपाजारचं दळण पैसे घेऊन दळतात, म्हणून हा धंदा आहे, म्हणून तक्रार चालत नाही. निशांतनं फोनवर विचारलं, "मावशी, पैसे घेत होतीस काय कुणाकडनं? खरं काय ते सांग, कारण आता शपथपत्र द्यावं लागेल. तुझं एक आणि आजीचं एक. आजी व्रती हायत, त्यांच्या शब्दाला वजन येईल." आत्याबाई तिथंच बसून तांदूळ निवडत होत्या. फोनचा आवाज मोठा होता. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांना विश्वास. मी म्हणाले, "एक रुपया घेतला न्हाय."

त्या वेळी "शेजारणीनं दहा रुपये दिलते" एवढं म्हणायला हवं होतं. निशांतनं काहीतरी मार्ग काढला असता. पण आत्याबाईंच्या समोर तोंडातनं निघालं ते निघालं. आठ दिवसांनी दोन शपथपत्रं तयार होऊन आली. आम्ही इकडची माणसं कानडी बोलतो पाण्यासारखं, पण आत्याबाई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, कानडी अक्षर त्यांना लागत नाही. मी वाचून दाखवलं: मी चंपाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, शपथेवर सांगते की चक्कीवर कुणाकडनंही मोबदला घेतलेला नाही. त्यांनी विचारलं, "सगळं वाचलंस न्हवं?" मी व्हय म्हणाले. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. त्या सहीकडं बघताना मला कळलं, माझं खोटं माझ्यापुरतं राहिलं नव्हतं. त्यांच्या व्रतात मी ते मिसळलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता.

आणि त्यांना कळलं तर काय होईल हे मला माहीत होतं. त्यांची सख्खी थोरली बहीण, अक्काताई, चिकोडीला दिलेली. तिनं बांधाच्या भांडणात तलाठ्यापुढं खोटी शपथ घेतली. आत्याबाई त्या दिवसापासनं तिच्या घरी गेल्या, बसल्या, बोलल्या, आजारपणात सेवा केली. पण तिच्या हातचं जेवल्या नाहीत. सोळा वर्षं. अक्काताई शेवटी अंथरुणावर होत्या, पाण्याचा तांब्या पुढं करत होत्या, आणि ह्यांनी हात जोडले. मी शेजारी उभी होते. ह्या घरात मी सव्वीस वर्षं त्यांना वाढलंय. माझ्या हातचं त्यांनी नाकारलं तर मी कुठं तोंड घेऊन जाऊ, हाच एक किडा डोक्यात फिरायला लागला.

चातुर्मास लागला. यंदाही महाराज आले, आणि चौका सुरू झाला. आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. सकाळी महाराज बस्तीतनं निघतात, अमकं दिसलं तरच थांबायचं, असा मनात काहीतरी नेम धरून. गल्लीत ज्यांनी चौका लावलाय ते सगळे आपापल्या दारात हातात कलश, श्रीफळ घेऊन उभे राहतात आणि बोलावतात. बोलावताना म्हणायचं असतं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. ज्या दारात नेम जुळेल तिथं महाराज थांबतात. आमच्या दारात म्हणायचं काम माझं होतं, कारण आत्याबाईंचा आवाज आता पुरत नाही.

पहिल्या दिवशी मनशुद्धी म्हणाले आणि पुढचा शब्द घशातनं वरच येईना. खोकल्याचं निमित्त केलं. दुसऱ्या खेपेला पाय मुरगळल्याचं सांगून आत बसले. तिसऱ्या खेपेला तर मी अडचण आल्याचं सांगितलं आणि चार दिवस बाहेर बसले. वय एकोणपन्नास, ते सगळं बंद होऊन वर्ष झालेलं. आत्याबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या, बारीक आवाजात म्हणाल्या. महाराज पुढं निघून गेले. मी मागच्या अंगणात बसून ऐकत होते आणि माझाच मला राग येत होता. शामूशेठचा यायचा तेवढाच. नोटरीच्या कागदावर बिनदिक्कत लिहून दिलं की बाई, आणि इथं एक शब्द म्हणवत नाही.

मोहरीच्या डब्यातल्या नोटा मी परत मालुबाईला द्यायला गेले. ती विडी वळता वळता म्हणाली, "खुळी हायस काय? दिलेलं परत घेतंय व्हय कोण?" आणि नाही घेतल्या.

पुढची तारीख पडली. आयोगाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आजींचं शपथपत्र आहे, त्यांना पुढच्या वेळी आणा, मला एक-दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बावीस तारीख चालेल? मला तिथनं निघायची घाई झालेली. चालेल म्हणाले. आमच्या घरात बोअर मारायलासुद्धा पंचांग बघतात, आणि मी कोर्टाची तारीख न बघता घेतली. घरी येऊन भिंतीवर बघितलं तर श्रावण वद्य चतुर्दशी. मौन.

खरं सांगू? मला आधी बरंच वाटलं. बोलणारच नाहीत तर काय विचारणार त्यांना? मी आत्याबाईंना म्हणाले, "तारीख चुकली माझी. पुढं ढकलून मागू काय?" त्या जरा विचार करून म्हणाल्या, "कशाला? आजून दोन महिनं जातील. मी येती. सही माझी हाय, मी गप बसले तरी सही बोलंल." मी मान हलवली आणि आत गेले.

बावीसला सकाळच्या बसनं निघालो. जिनेंद्रला वखारीतनं रजा मिळाली नाही. आत्याबाई खिडकीशी, पांढऱ्या साडीत, मांडीवर जपमाळ. उपास असल्यामुळं पाणीही नाही. संकेश्वर गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला, मी सारखी पिशवीतली फाईल काढायची, परत ठेवायची, तिकीट हरवलं म्हणून शोधायची. एकदा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाबला. घाबरू नको, असं त्यांना म्हणायचं होतं. मला तो हात झटकून बसमधनं उतरावं वाटलं.

आमचं नाव साडेबाराला पुकारलं. शामूशेठ नवा शर्ट घालून आलेला, त्याचा वकील बारीकसा तरुण. त्यानं कानडीत सांगितलं की जोंधळ्याचं पीठ सापडलंय आणि हे जैन घर चौक्याला गहू-तांदूळ दळतं, मग जोंधळे कुणाचे? अध्यक्षबाईंनी विचारलं, पैसे घेतल्याचा पुरावा? साक्षीदार? पावती? तो म्हणाला, नाही मॅडम, पण गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, सगळ्यांना माहीत म्हणजे कुणाला? तो फाईल चाळायला लागला. निशांत मागच्या बाकावर बसून माझ्याकडं बघत हसला. केस जिंकली होती. मला कळत होतं ते. तोंड मिटून उभं राहिलं असतं तरी चक्की घरात सुरू झाली असती.

मग अध्यक्षबाई आत्याबाईंकडं वळल्या. "अज्जी, ही सही तुमची?" आत्याबाईंनी मान हलवली. मी पुढं होऊन सांगितलं, मॅडम, आज चतुर्दशी, त्यांचं मौन आहे, तारीख घेताना माझ्या लक्षात आलं नाही. त्यांना राग नाही आला. म्हणाल्या, हरकत नाही, मानेनं सांगू देत. आणि हळू, अगदी घरातल्या आजीशी बोलावं तसं विचारलं, "अज्जी, ह्यात लिहिलंय की दळणाचे पैसे कुणाकडनं घेतले नाहीत. हे खरं?"

आत्याबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, ते कानडी अक्षरांवरनं फिरवलं, मग ते बोट स्वतःच्या डोळ्यांकडं नेऊन नाही अशी खूण केली, आणि माझ्याकडं दाखवलं. हे मला वाचता येत नाही, हिनं वाचून दाखवलं, असं. आणि माझ्याकडं बघत थांबल्या. संशय नव्हता हो त्या बघण्यात. नुसतं विचारत होत्या, जसं रोज चौक्यात हात लावायच्या आधी विचारतात, पाणी गाळलंस न्हवं? मी व्हय म्हटलं की त्या बिनधास्त मान हलवणार होत्या. इतकी वर्षं सांभाळलेलं व्रत माझ्या एका मानेवर सोडून उभ्या होत्या.

शामूशेठ पलीकडं नखं कुरतडत होता. मी म्हणाले, "मॅडम, त्यांनी घेतले न्हाईत. त्यांना माहीतच न्हाय. पैसे मी घेतले."

सगळं सांगितलं. मालुबाई, शेरभर जोंधळे, दहा रुपये, मोहरीचा डबा, आणि मी वाचून दाखवलं ते खोटं होतं हेसुद्धा. कानडीत सुरू केलं होतं, अर्ध्यावर मराठीत कधी गेले कळलं नाही, पण बाईंनी थांबवलं नाही. निशांतनं कपाळाला हात लावला. शामूशेठचा वकील उठून उभा राहिला आणि काहीतरी बोलायला लागला. बाई त्याला म्हणाल्या, बसा जरा. मग मला म्हणाल्या, शपथपत्रावर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे हे तुम्हाला माहीत आहे? मी व्हय म्हणाले. त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. आत्याबाईंकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

निकालाचं इथंच सांगून टाकते, कारण पुढं त्याला जागा नाही. तो महिन्याभरानं आला. एका शेजारणीकडनं कधीमधी दहा रुपये घेणं हा धंदा होत नाही, शामूशेठनं मोटार बदलून चक्की चालू करून द्यावी. नुकसानभरपाई मिळणार नाही, आणि खोटं शपथपत्र दिल्याबद्दल अर्जदार त्रिशला यांनी दोन हजार रुपये भरावेत. भरले. शामूशेठनं मोटार बसवून दिली. मी दिसले की अजून चहाचा कप खाली ठेवतो.

पण त्या दिवशी मला निकालाची फिकीरच नव्हती. परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीशी आणि मी शेजारी, आणि त्यांचं मौन दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. इतर वेळी मौन असलं तरी त्या हातानं, डोळ्यांनी काही ना काही सांगत असतात. त्या दिवशी जपमाळ ओढत राहिल्या, बाहेर बघत. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, चुकलं माझं." मणी पुढं सरकला. हत्तरगीला परत म्हणाले. मागच्या बाईनं वाकून बघितलं. मग मी चपलेत पायाची बोटं नुसती आवळत बसले.

घरी येऊन जिनेंद्रला सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "मला मागायचं की पैसे." मी म्हणाले, "तेच नको होतं."

सकाळी उजाडलं तेव्हा मी जात्याजवळ बसलेलीच होते. गहू पाखडून ठेवलेले. बस्तीतली घंटा झाली, ऊन अंगणात आलं. मौन संपलं. आत्याबाई आल्या, समोर बसल्या, खुंट्याला हात लावला. मी हात लावू की नको असं करत होते. त्या म्हणाल्या, "धर की. एकटीला झेपतंय व्हय मला?" धरलं. पीठ वस्त्रानं झाकलं, चौक्याचा स्वयंपाक झाला. मी चपात्या, वरण, दोडक्याची भाजी केली. प्रत्येक भांडं त्यांच्याकडं सरकवताना वाटायचं, आता म्हणतील, तू ऊठ.

महाराज निघाल्याची वर्दी आली. मी सवयीनं आत सरकले. आत्याबाईंनी कलश उचलला आणि माझ्या हातात दिला.

"आज तू म्हण," त्या म्हणाल्या. "महिनाभर तुला कायतरी सलतंय ते मला दिसत हुतं. खोकला काय, पाय काय, आणि ते दुसरं तर काय बोलायचंच न्हाय, मी बाईच हाय न्हवं? कशानं सलतंय ते कळंना, एवढंच. आज तुला म्हणता येतंय. जा."

दारात उभी राहिले. महाराज कोपऱ्यावरनं वळले. मी म्हणाले, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. एकही शब्द गिळला नाही. पलीकडनं मालुबाई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बघत होती. महाराज आले, आमच्या दारासमोर क्षणभर थांबल्यासारखं झालं, आणि पुढं गेले. चार घरं सोडून थांबले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कलश घेऊन तशीच उभी होते. म्हणाले, "माझ्यामुळंच गेले."

आत्याबाई आत पाटावर जाऊन बसल्या होत्या. तिथनंच म्हणाल्या, "त्यांचा नेम काय तुझ्यावर असतोय व्हय? तू म्हणालीस ते मी ऐकलं, बास झालं. ये आत आता, आणि वाढ. परवापासनं उपाशी हाय मी."